विमा तीन लाखांचा, तरी खिशातून सत्तर हजार का?

नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात दुपारी बिलाच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहिलं, की एक संवाद हमखास कानावर येतो. "अहो, पण पॉलिसी तीन लाखांची आहे. बिल तर दीड-पावणेदोन लाखांचंच झालंय!" पलीकडून उत्तर येतं, "कंपनीकडून एवढंच मंजूर होऊन आलंय. उरलेले तुम्हाला भरावे लागतील." नातेवाइकाला वाटतं, कंपनीनं फसवलं. एजंटला फोन लागतो, आवाज चढतो, आणि शेवटी कुणाकडून तरी उसने घेऊन पेशंट घरी नेला जातो.

बहुतेक वेळा यात फसवणूक नसते. त्या दिवशी किती पैसे कापले जाणार, हे पॉलिसी घेतली त्याच दिवशी ठरलेलं असतं. हप्ता दोन-तीन हजारांनी कमी दिसला म्हणून जी पॉलिसी निवडली, तिच्या अटींतच ही कपात लिहिलेली असते. त्यामुळे परवडणारा आरोग्य विमा निवडायचा असेल, तर हप्ता का कमी झाला आहे, हे आधी शोधायला हवं.

हप्ता कमी कशामुळे होतो?

विमा ही एक मोठी भिशी समजा. हजारो लोक दरवर्षी ठरावीक रक्कम टाकतात. फरक एवढाच, की भिशीत प्रत्येकाची पाळी येते. इथे ज्याच्यावर दवाखान्याची वेळ येते, त्यालाच पैसे मिळतात. बाकीच्यांचे पैसे परत येत नाहीत. "पाच वर्षं हप्ते भरले, एकही क्लेम केला नाही, पैसे वाया गेले," असं म्हणणाऱ्याची तब्येत पाच वर्षं ठणठणीत राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

या भिशीत एका माणसाकडून किती घ्यायचं, हे कंपनी मुख्यतः दोन गोष्टींवर ठरवते. एक, तुम्ही आजारी पडण्याची शक्यता किती. त्यासाठी वय, तब्येत आणि तंबाखू-सिगारेटची सवय पाहिली जाते. दोन, तुम्ही आजारी पडलातच, तर कंपनीला त्यातलं किती भरावं लागेल. वय आपल्या हातात नसतं. म्हणून दोन कंपन्या एकाच वयाच्या माणसाला ५ लाखांच्या कवचासाठी वेगवेगळा हप्ता सांगतात, तेव्हा फरकाचं कारण बहुधा दुसऱ्या गोष्टीत सापडतं. स्वस्त पॉलिसीत बिलाचा काही भाग गुपचूप तुमच्याकडे वळवलेला असतो, आणि तो वळवण्याच्या वाटा चार-पाचच आहेत.

पहिली वाट : खोलीचं भाडं

यातली सर्वांत महाग आणि सर्वांत कमी समजलेली अट म्हणजे रूम रेंटची मर्यादा. काही पॉलिसींत लिहिलेलं असतं, "खोलीचं भाडं दिवसाला विमा रकमेच्या १ टक्क्यापर्यंत." म्हणजे ३ लाखांच्या पॉलिसीत दिवसाला ३ हजार.

आता एक बिल उघडून पाहू. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले आहेत. अपेंडिक्सचं ऑपरेशन, चार दिवस मुक्काम. घरच्यांनी ६ हजार रुपये रोजाची स्वतंत्र खोली घेतली. विचार असा, की दिवसाचे तीन हजार जास्तीचे आपण भरू, चार दिवसांचे १२ हजार होतील.

- खोली : २४ हजार
- सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग : ८० हजार
- औषधं : ३० हजार
- तपासण्या : १६ हजार
- हातमोजे, मास्क, नोंदणी शुल्क वगैरे : १० हजार
- एकूण : १ लाख ६० हजार

कंपनीचा हिशेब असा चालतो. खोलीचे २४ पैकी १२ हजार मंजूर. पण मोठी कपात पुढच्या ओळीत होते. बऱ्याच रुग्णालयांत खोली जेवढी भारी, तेवढी डॉक्टरांची आणि थिएटरची फीसुद्धा वाढते. म्हणून ज्या प्रमाणात खोलीचं भाडं मर्यादेबाहेर गेलं, त्याच प्रमाणात कंपनी हे खर्चही कापते. भाडं मर्यादेच्या दुप्पट, म्हणून ८० हजारांचे ४० हजार झाले. औषधं आणि तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, असा विमा नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे आयआरडीएआयचा, नियम २०२० पासून आहे. त्यामुळे ते ४६ हजार पूर्ण मिळाले. हातमोजे-मास्क पॉलिसीत बसत नाहीत, त्याचे शून्य. मंजूर रक्कम झाली ९८ हजार. त्यावर पॉलिसीत १० टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला आपला वाटा, होता, म्हणून आणखी ९,८०० गेले. कंपनीनं दिले ८८,२००. घरच्यांनी भरले ७१,८००.

याच पेशंटला ३ हजारांच्या खोलीत ठेवलं असतं, तर डॉक्टर आणि थिएटरचा खर्च अगदी तेवढाच धरूनही खिशातून फक्त २३,८०० गेले असते. म्हणजे खोलीवर वाढले १२ हजार, पण पडले ४८ हजार. काउंटरवरच्या त्या वादाचं उत्तर या एका ओळीत आहे.

यातून दोन धडे घ्यायचे. जमल्यास रूम रेंटची मर्यादा नसलेली, निदान "स्वतंत्र खोली" असं स्पष्ट लिहिलेली पॉलिसी घ्यावी. आणि मर्यादा असलेली पॉलिसी हातात असेल, तर भरती होतानाच रुग्णालयाच्या विमा (टीपीए) डेस्कवर विचारावं, "माझ्या पॉलिसीत बसणारी खोली कोणती?" भरती झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

बाकीच्या वाटा

को-पे म्हणजे मंजूर रकमेतला ठरावीक टक्का प्रत्येक वेळी तुम्ही भरायचा. २० टक्के को-पे असेल तर ४ लाखांच्या बिलात ८० हजार तुमचे. हप्त्यात वर्षाला वाचलेल्या दोन हजारांतून ते भरून निघायला चाळीस वर्षं लागतील.

उपमर्यादा म्हणजे ठरावीक आजारावर ठरावीकच रक्कम. पॉलिसी ५ लाखांची असली, तरी मोतीबिंदूला, गुडघ्याच्या सांध्याला किंवा हर्नियाला वेगळी कमाल रक्कम लिहिलेली असते. त्याहून जास्त खर्च आपला.

प्रतीक्षा काळ सगळ्याच पॉलिसींत असतो. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. हर्निया, मूळव्याध, मोतीबिंदू, खडे अशा यादीतल्या आजारांना साधारण दोन वर्षं थांबावं लागतं. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांसाठी हा काळ १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने केला आहे. त्याआधी तो ४८ महिन्यांपर्यंत असे. ही अट जाचक वाटते, पण तिच्याशिवाय भिशी चालणार नाही. ऑपरेशन ठरल्यावरच जो तो सभासद होऊ लागला, तर वर्षानुवर्षं भरणाऱ्यांचा हप्ता आकाशाला भिडेल. आपल्या बाजूनं याचं उत्तर एकच : तब्येत बरी असतानाच पॉलिसी घेऊन ठेवणं.

नाशिककरांनी पाहायचाच शब्द : झोन

अनेक कंपन्या शहरांचे गट पाडतात. मुंबई-ठाण्यासारख्या शहरांत उपचार महाग, म्हणून तिथला हप्ता जास्त. नाशिक बहुतेकदा खालच्या गटात येतं, म्हणून इथल्या माणसाला तीच पॉलिसी स्वस्त मिळते. ऐकायला छान वाटतं. पण काही पॉलिसींत पुढे एक ओळ असते : वरच्या झोनमध्ये उपचार घेतल्यास ठरावीक टक्के को-पे.

नाशिकच्या घरात कॅन्सरचं निदान झालं, की परळच्या टाटा रुग्णालयाचं नाव पहिल्या दिवशी निघतं. हृदयाच्या किंवा मेंदूच्या गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठीही कसारा घाट उतरून जाणारे पुष्कळ आहेत. म्हणजे सर्वांत मोठं बिल मुंबईत होण्याची शक्यता जास्त, आणि को-पे नेमका तिथेच लागू होणार. एजंटला थेट विचारा, "मुंबईत उपचार घेतले तर किती कापणार?" उत्तर तोंडी घेऊ नका, पॉलिसीतली ओळ दाखवायला सांगा. रुग्णवाहिकेची मर्यादाही त्याच वेळी पाहा. पुढे सांगितलेल्या आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ती एका भरतीला २ हजार रुपये आहे; आयसीयूची रुग्णवाहिका मुंबईपर्यंत न्यायला तेवढे पुरत नाहीत.

आधी घरात काय आहे ते पाहा

विकतचा विमा घेण्याआधी फुकटचा किंवा आधीच पगारातून कापला जाणारा विमा मोजायला हवा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआयसी) येतो. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात, आणि त्यात कुटुंबाचाही इलाज होतो. मात्र पगार मर्यादेवर गेला किंवा नोकरी सुटली, की हा आधार जातो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी ठरावीक रंगाच्या रेशन कार्डापुरती होती. आता ती राज्यातल्या सगळ्या रेशन कार्डधारकांना खुली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. मदतीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. ७० वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं; त्यावर घरातल्या अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला वेगळे ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. वडिलांचं वय ७२ असेल, तर त्यांच्यासाठी महागडी पॉलिसी शोधण्याआधी हे कार्ड काढून घ्यावं.

सरकारी योजनेच्या मर्यादाही लक्षात ठेवायला हव्यात. उपचार यादीतला हवा आणि रुग्णालय योजनेतलं हवं. डेंग्यूनं रात्री दोन वाजता जवळच्या दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तर हे दोन्ही जुळेलच असं नाही. मोठ्या शस्त्रक्रियेला योजना आणि बाकीच्या वेळेला स्वतःची पॉलिसी, अशी जोडी ठेवणं म्हणून शहाणपणाचं. कंपनीचा ग्रुप विमा असलेल्यांनीही लहानशी स्वतःची पॉलिसी चालू ठेवावी, कारण ग्रुप विमा नोकरीबरोबर सुटतो.

स्वस्त पण भरवशाचं कवच कसं बांधायचं?

बजेट फारच तंग असेल, तर पहिलं नाव आरोग्य संजीवनीचं. ही १ एप्रिल २०२० पासून आलेली प्रमाणित पॉलिसी आहे. कुठल्याही कंपनीकडून घ्या, अटी त्याच. फरक फक्त हप्त्यात आणि सेवेत. त्यामुळे तुलना सोपी होते. खोलीची मर्यादा विमा रकमेच्या २ टक्के, पण जास्तीत जास्त ५ हजार रुपये रोज. आयसीयूला ५ टक्के, कमाल १० हजार. को-पे प्रत्येक क्लेमवर ५ टक्के. क्लेम न केलेल्या प्रत्येक वर्षाला कवच ५ टक्क्यांनी वाढतं, ५० टक्क्यांपर्यंत. आणि आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे, या पॉलिसीत झोन नाही. नाशिक आणि मुंबईचा दर एकच.

थोडं जास्त परवडत असेल, तर रूम रेंटची मर्यादा आणि को-पे दोन्ही नसलेली ५ लाखांची साधी पॉलिसी घ्यावी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप चढवावा. सुपर टॉप-अपला एक उंबरठा असतो, त्याला डिडक्टिबल म्हणतात. उंबरठ्यापर्यंतचा खर्च तुमचा किंवा मूळ पॉलिसीचा, त्यावरचा सुपर टॉप-अपचा. एवढं मोठं बिल क्वचितच होतं, म्हणून अधिकच्या १०-१५ लाखांचा हप्ता मूळ पॉलिसीच्या मानानं बराच कमी पडतो.

इथे नावाची गफलत होऊ देऊ नका. समजा उंबरठा ३ लाखांचा आहे आणि वर्षात दोनदा भरती झाली, एकदा २ लाख, एकदा अडीच लाख. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं पाहतो. दोन्ही उंबरठ्याखाली, म्हणून काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज पाहतो. साडेचार लाखांतले दीड लाख देतो. पावतीवर "सुपर" हा शब्द आहे ना, ते तपासा.

हप्ता कमी करण्याच्या काही निर्धोक युक्त्याही आहेत. बाळंतपण, ओपीडी, वार्षिक तपासणी, जिमची सवलत यांची गरज नसेल तर त्यांचे पैसे वाचवा. पती-पत्नींचं वय जवळपास असेल तर दोघांची एकत्र, म्हणजे फ्लोटर पॉलिसी स्वस्त पडते. फ्लोटरचा हप्ता सर्वांत मोठ्या सदस्याच्या वयावर ठरतो, म्हणून आई-वडिलांना त्यात घालू नये. त्यांची पॉलिसी वेगळी ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे. कलम ८०डीची वजावट मात्र फक्त जुन्या करपद्धतीत मिळते, ६० वर्षांखालच्यांना २५ हजारांपर्यंत. केवळ तेवढ्यासाठी महाग पॉलिसी घेण्यात अर्थ नाही.

आणखी एक. जाहिरातीतला "९५ टक्के क्लेम मंजूर" हा आकडा क्लेमची संख्या मोजतो, रुपये मोजत नाही. एक लाख साठ हजार मागितले आणि ८८ हजार दिले, तरी तो क्लेम मंजुरांतच धरला जातो.

फॉर्म स्वतः भरा

एजंट ओळखीचा असतो, चहा घेता घेता फॉर्म भरतो आणि आजारांच्या सगळ्या रकान्यांत "नाही" लिहून टाकतो. खाली सही मात्र आपली असते. साखरेची गोळी चालू आहे, पूर्वी अँजिओग्राफी झाली आहे, तंबाखू खातो, यातलं काहीही लपवू नका. हप्ता थोडा वाढेल, तीन वर्षं थांबावं लागेल, पण क्लेम टिकेल. पॉलिसी सलग ६० महिने चालली, की माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली लबाडी हा अपवाद. सलग हा शब्द महत्त्वाचा. वार्षिक हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवलत असते. तीही गेली, की प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत वाचून पटली नाही तर परत करता येते. तिच्यासोबत येणारं ग्राहक माहितीपत्रक सोप्या भाषेत असतं. निदान तेवढं तरी वाचा. कंपनी आवडेनाशी झाली तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करून पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेता येते, आणि थांबून झालेला काळ वाया जात नाही.

चौकट : सही करण्याआधी आठ प्रश्न

१. खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का? किती?
२. को-पे आहे का? वय वाढल्यावर सुरू होतो का?
३. मुंबईत उपचार घेतले तर काही कापलं जातं का?
४. कोणत्या आजारांना वेगळी कमाल रक्कम आहे?
५. माझ्या सध्याच्या आजारांना किती महिने थांबायचं?
६. घराजवळची दोन आणि मुंबईतलं एक रुग्णालय कॅशलेसच्या यादीत आहे का?
७. हातमोजे, मास्क, किट यांचे पैसे मिळतात का?
८. हाच हप्ता माझ्या ४५व्या आणि ६०व्या वर्षी आजच्या दरानं किती?

क्लेम अडला तर

कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यावा, असं २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीवर बंधन आहे. डिस्चार्जला उशीर झाल्यानं रुग्णालयाचं बिल वाढलं, तर तो भार कंपनीचा. पैसे कापले गेले, तर कोणत्या कलमाखाली कापले हे लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. नाशिक जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत मात्र जायला हवं. आयआरडीएआयचा मदत क्रमांक १५५२५५ आहे.

ज्यांच्याकडे आधीच पॉलिसी आहे, त्यांनी आज कपाटातून ती काढावी आणि वरचे आठ प्रश्न तिला विचारावेत. उत्तरं पटली नाहीत, तर नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून त्याच्या दोन महिने आधी हालचाल करावी. आणि ज्यांच्याकडे अजून काहीच नाही, त्यांनी परिपूर्ण पॉलिसीची वाट पाहत बसू नये. प्रतीक्षा काळ पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजला जातो. साधी असली तरी ती याच महिन्यात घ्या.